हरलेला सामना खिशात

रोज पहाटे दाराची कडी काढण्याआधी सयाजी तात्या शर्टाच्या खिशात मोबाइल ठेवायचे, आवाज पूर्ण मोठा करायचे आणि एखादा हरलेला फुटबॉलचा सामना लावायचे. कधी कालचा, कधी गेल्या महिन्यातला. समालोचकानं "नमस्कार मंडळी" म्हटलं की मगच उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे आणि पळायला लागायचे. वस्तीवरची कुत्री पहिल्या वर्षी भुंकली. नंतर तीही कूस बदलून झोपू लागली.

आमची मळेवस्ती महाळुंगे पडवळच्या थोडी अलीकडे आहे, कालव्याला लागून. दोन्ही बाजूंना ऊस. पहाटे उसाच्या कडेनं जायचं तर बिबट्याला माणसाची चाहूल लागली पाहिजे, म्हणून आमच्याकडे सगळेच मोबाइल वाजवत जातात. कुणी अभंग लावतं, कुणी लग्नातली गाणी. तात्यांच्या खिशातून मात्र कोल्हापूरच्या मैदानावरची आरडाओरड यायची आणि मधूनच समालोचकाचा तो ओळखीचा, थकलेला आवाज : "जांभळ्यांनी पुन्हा एकदा चेंडू गमावलेला आहे."

"बिबट्या बी वैतागून पार आहुप्याच्या डोंगरात निघून गेला आसंल," त्यांचे चुलतभाऊ दादाभाऊ म्हणायचे.

"त्याला तरी कळतंय फुटबॉल," तात्या म्हणायचे. "तुमाला बैलाच्या शेपटापलीकडं काय दिसत न्हाई."

तरुणपणी तात्या कोल्हापूरला एका फाउंड्रीत कामाला होते. खोलीत भगवंत नावाचा जोडीदार होता, तिथल्याच एका पेठेतला. पहिल्याच रविवारी त्यानं तात्यांना मैदानावर नेलं. त्याच्या तालमीचा संघ जांभळे शर्ट घालायचा, म्हणून सगळे त्यांना नुसतं 'जांभळे' म्हणत. त्या दिवशी जांभळे हरले. तात्या पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पुन्हा हरले. वडील आजारी पडले म्हणून तात्या गावी परतले, लग्न झालं, दूध डेअरीत कामाला लागले. फाउंड्री मागे राहिली. जांभळे राहिले नाहीत मागे.

हे प्रेम कुणाला समजावून सांगण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे लोक बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात जीव टाकतात, पोरं क्रिकेट खेळतात. फुटबॉल म्हणजे टीव्हीवर चॅनेल बदलताना मध्ये लागणारी गोष्ट. डेअरीत दुधाचं फॅट काढता काढता तात्या बोलत राहायचे. गोलकीपर पुढे का आला, शेवटच्या पाच मिनिटांत सगळे मागे का गेले, ह्या पोरांच्या पायात काय काटे भरलेत का. समोर कॅन घेऊन उभा असलेला माणूस मान डोलवायचा आणि विचारायचा, "तात्या, फॅट किती लागलं?"

जांभळे कधी फार वाईट हरायचे नाहीत, हे आणखी वाईट होतं. चार-पाच गोल खाल्ले असते तर माणूस सुटला असता. ते शेवटपर्यंत बरोबरीत राहायचे आणि मग स्वतःच्याच जाळ्यात चेंडू टाकायचे.

पळणं त्यातूनच आलं. एकदा असाच हातातोंडाशी आलेला सामना गेला, तेव्हा तात्या घरात बसू शकले नाहीत. चप्पल टाकून कालव्याच्या रस्त्यानं जोरात चालत सुटले आणि कुठेतरी चालण्याचं पळणं झालं. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि चेहरा निवलेला. रत्नाकाकीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं, "कुत्रं लागलं का मागं?"

त्यानंतर ते रोज पळू लागले. मंचरहून बूट आणले. त्यातल्या डाव्या बुटाची नाडी रोज एकाच ठिकाणी सुटायची, कालव्याच्या मोरीपाशी. तिथं साळुबाईचं खोपट. म्हातारी पहाटेच उठून अंगण झाडत असायची. तिच्यासाठी तात्या म्हणजे घड्याळ होतं. पहिला अर्धा सामना जाताना आणि दुसरा येताना.

"हरली का रं तुजी पोरं?" ती विचारायची.

"हरली."

"मंग पुन्ना कशाला ऐकतोस?"

"कुठं चुकलं ते बघतोय."

"घावलं का?"

"न्हाई अजून."

एका वर्षी ओतूरला दौड होती तिथं गेले. पुण्याहून आलेली माणसं रंगीत गॉगल लावून, पायाचे स्नायू ताणत उभी होती. तात्या डेअरीतल्या खाकी पँटचे पाय दुमडून पळाले. घरी आले ते गळ्यात पदक आणि हातात दोन केळी घेऊन. एक रत्नाकाकीला दिलं.

"कितवा नंबर?" तिनं विचारलं.

"मागून तिसरा."

"आन् पदक?"

"सगळ्यांनाच देत्यात. आमच्या जांभळ्यांनी हितं यायला पायजे व्हतं."

पदक त्यांनी डेअरीत, फॅट काढायच्या मशीनवर अडकवलं. तिथून जाणाऱ्या-येणाऱ्याला ते दाखवायचे आणि स्वतःच हसायचे. पळण्यात त्यांना कुणाच्या पुढे जायचं नव्हतं. पराभवावर असा खळखळून हसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण जांभळ्यांच्या पराभवावर ते कधी हसले नाहीत. तो त्यांचा स्वतःचा नव्हता ना.

गेल्या चैत्रात जांभळे अंतिम सामन्यात पोहोचले.

तात्या कोल्हापूर सोडून आल्यापासून पहिल्यांदाच. भगवंतचा फोन आला तेव्हा ते डेअरीत होते. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"सयाजी, तिकीट काढून ठेवतो. येतोस का न्हाईस लेका?"

"येतोय म्हंजे. नाचत येतोय."

ट्रंकेतून जुना जांभळा शर्ट निघाला. पोटावर बसत नव्हता. रत्नाकाकीनं दोन्ही बाजूंची शिवण उसवून त्यात साडीच्या पदराचा तुकडा घातला. तात्या तो घालून आरशासमोर उभे राहिले. एकदा, फक्त एकदा त्यांना जांभळ्यांना जिंकताना समोर उभं राहून बघायचं होतं. ह्यापलीकडे त्यांनी आयुष्याकडे काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही.

सामना नेमका यात्रेच्या दिवशी आला. आणि त्या वर्षी काठीचा मान तात्यांच्या घराकडे होता.

आमच्या यात्रेत देवाची काठी असते. तीन पुरुष उंचीचा बांबू, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, वर मोरपिसं. पायथ्यापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत ती उभी धरून पळत न्यायची. कमरेला बांधलेल्या पट्ट्यात बुडखा रोवायचा आणि दोन हातांनी तोल सांभाळायचा. दम लागला की भावकीतला दुसरा हात लावतो, त्याला कुणी हसत नाही. पण एकाच माणसानं ती न थांबता वर नेली तर त्याचं नाव लोक पुढं कितीतरी वर्षं काढतात. मान घराघरांत फिरतो. एकदा येऊन गेला की परत यायला निम्मं आयुष्य जातं.

तात्या म्हणाले, माझ्याऐवजी कुणीही धरा. दादाभाऊ यात्रा कमिटीचे अध्यक्ष होते. ते घरी येऊन बसले.

"सयाजी, तुझ्याएवढा दम हाये का कुणाला? रोज कालवा पळतोस तो कशासाठी? देवानंच पळवलंय तुला."

"मला जांभळ्यांनी पळवलंय, दादा."

"तुझी जांभळी पुन्ना येतील फायनलला."

"न्हाई येणार," तात्या म्हणाले.

भावकी दोन दिवस येत राहिली. वडलांचं नाव निघालं, आजोबांचं निघालं. तिसऱ्या दिवशी तात्यांनी भगवंतला फोन करून सांगितलं. या वेळी स्पीकर लावला नाही.

यात्रेच्या दुपारी त्यांनी काठी उचलली. शिवण उसवलेला तो जांभळा शर्ट त्यांनी अंगात घातला होता. ढोल वाजत होते, पोरं पुढे पळत होती. तात्या टेकडी चढले ते अजून डोळ्यांसमोर आहे. मान मागे टाकलेली, नजर मोरपिसांवर, पाय मात्र आपले आपण जागा शोधत चाललेले. कुणाचाही हात त्यांनी लावू दिला नाही. खालून लोक ओरडत होते. त्या अर्ध्या टेकडीपुरतं वाटलं, ह्या माणसाला आज काही कमी पडलेलं नाही.

देवळाच्या पायऱ्यांपाशी दादाभाऊ उभे होते. शेजारी पांढऱ्या कपड्यांतले एक पाहुणे, बैलगाड्यांच्या शर्यतीची बक्षिसं देणारे. फोटोवाला तयार होता.

"सयाजी, पावण्यांच्या हातात दे जरा. फोटोपुरती."

तात्यांना बोलण्याइतका श्वास नव्हता. चार हातांनी काठी त्यांच्या पट्ट्यातून काढली. पाहुण्यांनी ती धरली, म्हणजे खालून सहा जणांनी धरली आणि पाहुण्यांनी हात लावला. फोटो झाला. पण काठी परत आली नाही. पाहुणे तसेच पायऱ्या चढले, गुलाल उडाला आणि स्पीकरवरून काठीचे मानकरी म्हणून त्यांचंच नाव घेतलं गेलं. शेवटच्या त्या नऊ-दहा पायऱ्या. तात्या खालच्या पायरीशी कमरेला रिकामा पट्टा बांधून उभे होते.

त्यांनी मोबाइल काढला. यात्रेच्या गर्दीत नेटवर्क नव्हतं. समालोचकाचं तोंड उघडं राहून पडदा गोठला होता.

संध्याकाळी ते शर्यतीच्या घाटाकडे न जाता डेअरीत येऊन बसले तेव्हा भगवंतचा फोन लागला. जांभळे एका गोलनं जिंकले होते. भगवंतचा आवाज बसला होता. मागे हलगी वाजत होती.

"तू न्हवतास म्हणून जिंकलो बघ, सयाजी," तो हसत म्हणाला. "इतकी वर्सं तुझीच पनवती व्हती. आता कवाच येऊ नगोस लेका."

मित्र मित्राला म्हणतो तसंच तो म्हणाला होता. तात्याही हसले. "न्हाई येत," म्हणाले. "खेळा तुमी."

दुसऱ्या दिवशी पहाटे कुत्री उठून बसली. तात्या पळत गेले, पण खिशातून आवाज आला नाही. मोबाइल घरी, चार्जरला.

"आज जांभळे मुके झाले का?" साळुबाईनं विचारलं.

"जिंकले."

"मंग लाव की."

"तो सामना माझा न्हाई, म्हातारे."

हरलेले सामने त्यांनी पुन्हा लावले नाहीत आणि जिंकलेला एकदाही बघितला नाही. डेअरीत कुणी विचारलं तर फॅटचा आकडा सांगायचे. दादाभाऊंच्या घरचं दूध मापताना मान वर करायचे नाहीत.

पळणं मात्र वाढलं. आवाजाशिवाय पळण्यात काय असतं ते एकदा त्यांनी मला सांगितलं, सहज, कॅन धुता धुता. गोठ्यापाशी हवा कोमट होते. कालव्यापाशी ती एकदम गार होते, पाण्याचा वास आधी येतो आणि गारवा मागून. कांद्याच्या चाळीपासून पुढे आपल्याच श्वासाचा ताल लागतो आणि मग कोण जिंकलं, कोण हरलं, कुणी काय हातातून काढून घेतलं, काहीच डोक्यात येत नाही. "इतकी वर्सं त्या समालोचकाला उगंच बरोबर नेला," ते म्हणाले.

रत्नाकाकी रोज सांगायची, फोन घेऊन जा, काहीही लावा. वनखात्याची माणसं वस्तीवर येऊन सांगून गेली होती की उसाच्या कडेला बसू नका, वाकू नका, आवाज करत जा. तात्या हो म्हणायचे.

कार्तिकात ऊसतोड सुरू झाली आणि उसात दडलेले बिबटे एका फडातून दुसऱ्यात सरकू लागले. त्याच आठवड्यात मोरीपलीकडे नाडी बांधायला तात्या खाली वाकले. उसातून बिबट्या आला. याहून जास्त कुणी पाहिलेलं नाही.

वनखात्याचा माणूस पंचनामा करताना हळूच म्हणाला, वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. आवाज असता तर कदाचित. रत्नाकाकी उठून आत गेली.

ह्या चैत्रात दादाभाऊ तिच्याकडे आले. यात्रेच्या फ्लेक्सवर तात्यांची श्रद्धांजली टाकायची होती, 'काठीचे मानकरी' म्हणून. फोटो हवा होता.

"काठीसंगटचा आसंल तर बरं," ते म्हणाले.

"काठीसंगटचा आमच्याकडं न्हाई," काकी म्हणाली. "तो पावण्यांकडं आसंल. तिकडून घ्या."

फ्लेक्स लागला. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून तात्यांचा चेहरा कापून घेतला होता. शेजारी कुणाचा तरी खांदा आलाय.

साळुबाई अजून पहाटे अंगण झाडते. तात्या गेले त्या पहाटेही झाडत होती. तात्या मोरीकडे पळत आले तेव्हा नेहमीसारखी ओरडली, "आवाज कर रं बाबा, आवाज करत जा."

ते थांबले नाहीत. पळता पळताच मान वळवून म्हणाले, "येताना चहा पिऊन जातो. साखर कमी टाक."