बिब्बा लावला असेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तिचेच भाऊ त्या खोलीत होते. पण पुढे काय झालं ते त्यांनाही ठाऊक नाही.

हिंगोलीत एका डॉक्टरांकडे मी हिशेब लिहायचो आणि तेलाच्या इंजिनावर चालणारं क्ष-किरणांचं यंत्रही चालवायचो. परदेशातल्या डॉक्टरांनी एकत्र बसून या किरणांचे नियम केले होते. आमच्या डॉक्टरांनी ते मला समजावले — चालवणाऱ्यानं शिशाच्या पत्र्याआड उभं राहायचं. रोग्यासाठी त्यांनी स्वतःचा एक जोडला: दिसलं की यंत्र बंद. किरण जास्त झाले तर कातडी जळते, आणि तीही उशिरा. मला हे माहीत होतं.

शिरड शहापूरची एक धनगरीण लेकीला घेऊन आली. पोर सात-आठ वर्षांची, तळहातात गोधडीची सुई मोडलेली. डॉक्टरांनी पडद्यावर सुई पाहिली, हातावर खूण केली आणि ते जेवायला गेले. आई बाहेर ओसरीवर. तेवढ्यात गोरेगावहून माझे मेहुणे आले. त्यांना यंत्र बघायचं होतं. नाही म्हणणं इतकं अवघड होतं का? मी यंत्र पुन्हा लावलं — पोरीचा हात पडद्यामागे, मी पत्र्याआड.

"दाजी, मूठ उघडझाप करायला लावा की. सुई हालून राहिली बघा."

"आजून एकदा, दाजी."

पोरीला वाटलं, हाही इलाजच. किती वेळ चाललं? मी आकड्यांचा माणूस — पण तेवढा आकडा माझ्याकडे नाही. घड्याळाकडे पाहिलंच नाही.

सुई निघाली. काही आठवड्यांनी आईबाप पोरीला पुन्हा घेऊन आले — तोच हात लाल, फोडांनी भरलेला. डॉक्टर कोड्यात पडले. त्यांनी तर क्षणभरच पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणालो, "घरी बिब्बा लावला असेल. उतला असेल, त्यानंही असेच फोड येतात."

"न्हाई जी, मुन्शीजी," आई म्हणाली. मग अडखळली. "मनगटाला लावला व्हता जरासा, सुजेवर. तळव्याला न्हाई."

"मंग आला आसंल वघळून," तिचा नवरा म्हणाला. "अक्कल हाय का तुला?"

ती लेकीच्या हाताकडे बघत राहिली. तिला ते पटत चाललेलं मला दिसत होतं.

पोरीची दोन बोटं कायमची आखडली. पुढे बरीच वर्षं ती बाई मलमासाठी यायची. ओसरीवर लेकुरवाळ्या बाया बसलेल्या असत. त्यांच्यापुढे ती लेकीचा हात उघडून धरायची.

"बिब्बा लावू नका बायांनो. म्या लावला. बघा."

मी आत हिशेब लिहीत असायचो. खिडकी उघडी असायची.