गिरण आधी

आक्का कांबळे स्वतःच्याच गिरणीत पगारावर होत्या. ऐकणारा हसायचा. मीही हसलो होतो. नदीकडच्या उतारावर त्यांची पिठाची गिरण आणि तिला लागून माझं शिलाईचं दुकान. नवरा गेल्यावर गिरण त्यांच्या अंगावर आली. दर शनिवारी त्या गल्ल्यातून आपला ठरलेला पगार काढून घेत आणि बाकीचे पैसे पत्र्याच्या डब्यात टाकून कुलूप लावत. एकदा सणाला साडी हवी होती, तर बाईंनी रीतसर उचल घेतली आणि पुढच्या शनिवारी आपल्याच पगारातून कापून टाकली.

"आक्का, मग हितं मालक कोण?" मी विचारलं.

"गिरण मालक. मी गडी. गड्यानं मालकाच्या खिशात हात घालायचा न्हाय."

तोंडानं फटकळ होत्या. कुणी उधारीवर दळण मागितलं की, "पावणं, लाईटबिल उधारीवर घेत्यात व्हय?" म्हणून वाटेला लावायच्या. बाळंतिणीच्या घरचा डबा मात्र रांग मोडून आधी दळून द्यायच्या, आणि वर रांगेतल्यांनाच दम भरायच्या.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात पुराचं पाणी आमच्या दुकानांत शिरलं. ओसरलं तेव्हा गिरणीची मोटर गेली होती, पट्टा कुजला होता, जात्यात चिखल बसला होता. माझ्या घरचा आणि दुकानाचा पैसा कायम एकाच खिशात. तो खिसा बघता बघता रिकामा झाला. आक्कांच्या डब्यात मात्र मोटर दुरुस्त होईल एवढे पैसे होते.

नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीचा, सुजाताचा, वारणानगरला नर्सिंगला नंबर लागला. फी लगेच भरायची होती. डब्यातल्या पैशांत दोन्ही होत नव्हतं.

"आई, मोटर थांबेल. कॉलेज थांबणार नाही," सुजाता म्हणाली.

मी पोरीची बाजू घेतली. "फी भरा आक्का. मोटरीला कर्ज काढा की."

"बंद गिरणीवर कर्ज? हप्ता कुठनं देऊ? कर्ज चालू धंद्यानं काढावं. आन् फी काय ह्या वर्सापुरतीच हाय? फुडची कोण भरणार, तुमी?"

मोटर वाइंडिंगला गेली आणि सुजाताची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

वरच्या गल्लीतल्या गिरणीची गिऱ्हाइकांना सवय लागायच्या आत आक्कांचा पट्टा फिरू लागला. हिशेबानं बाई बरोबर होत्या, हे मला तेव्हाच कळलं. पण वर्षभर सुजाता आईच्याच गिरणीत वजनकाट्यावर बसली. आक्का तिला आपल्याइतकाच पगार द्यायच्या. ती मान वर न करता घ्यायची आणि कामापलीकडे आईशी एक शब्द बोलायची नाही.

एका दुपारी आक्का माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. "माझं चुकलं न्हाय," त्या म्हणाल्या. "पर जेवताना पोरगी माझ्याकडं बघत न्हाय. ते सोसत न्हाय मला." मी चहा सांगितला.

पुढच्या वर्षी सुजाता कॉलेजात गेली. सगळ्या वर्षांची फी गिरणीनं भरली, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. ती नर्स झाली, गारगोटीला नोकरीला लागली. त्या पुराच्या धड्यानं मीही शनिवारी पगार घ्यायला लागलो आणि बायकोनं मला वेड्यात काढलं.

आक्का शेवटच्या दुखण्यात सुजाताकडे होत्या. मी भेटायला गेलो, तेव्हा ती आईचे केस विंचरत होती. आक्कांनी माझ्यादेखतच तिला विचारलं, "त्या वर्साचा राग गेला का गं?"

सुजाताचा हात थांबला. "नाही गेला, आई."

आक्कांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. व्हय म्हणाली असतीस तर मला वाटलं असतं, मरणारीची समजूत काढतीया."

सुजातानं फणी बाजूला ठेवली आणि आईचं डोकं मांडीवर घेतलं.