टेकडीवरच्या शहराचा तांबडा तट

मंडळी, आज एक गंभीर तक्रार नोंदवतो. गिरीज गावच्या चित्रप्रदर्शनात प्रमुख पाहुण्याला, म्हणजे मला, चहा मिळाला तो जेमतेम आचमनापुरता. वर "सर, दोन शब्द बोला" हा आग्रह.

आम्हा संस्कृतवाल्यांचे दोन शब्द म्हणजे वीस मिनिटं. समोर जलरंगातलं टेकडीवरचं जुनं शहर होतं. धुकं, एकावर एक चढलेली घरं आणि पायथ्याशी तांबडा उभा कडा. मी सुटलोच. ही गंधर्वनगरी, हा तिचा ढासळता तट, हा तांबडा रंग म्हणजे मावळतं वैभव, वगैरे. टाळ्याही पडल्या.

मग चित्रकार मनीषा जवळ आली. ती शाळेत चित्रकला शिकवते. हळूच म्हणाली, "सर, बोललात छान हो. पण ही गोखिवऱ्यामागची आमची टेकडी आहे. शहर कुठलं, चाळी आहेत."

"आणि हा तट?"

"तट नाही हो सर. भरावाला माती नेली, तिथे डोंगर उभा कापलाय. त्याच्या वरचं निळं छप्पर आमचं."

मी हादरलोच. कसंबसं विचारलं, "कडेपासून घर किती लांब आहे?"

"गेल्या वर्षीपर्यंत मध्ये अंगण होतं," ती हसून म्हणाली.

घरी येऊन चार तास झालेत. फजितीचं काही नाही, तिची मला सवय आहे. पण मनीषा आणि तिची आई आजही त्याच घरात झोपणार आहेत आणि पावसाळ्याला महिनाच उरलाय. मला भीती वाटते आहे. अशा वेळी कुणाकडे जायचं, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?