मोठेबाबा, काय खाल?

मोठेबाबाले आम्ही फसवून जहाजात बसवलं होतं.

आज त्यायले जाऊन वर्ष झालं. तेव्हा मी इथी फोटो टाकले होते. आज खरं टाकून राह्यली.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबाचे मोठे भाऊ. नागभीडपासून थोडं आत आमचं गाव, गावाले तलाव. सारी जिंदगी त्यायनं त्या तलावात काढली. झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा, एक वल्हं, आणि ते.

दरवर्षी पाणी उतरलं की सारं गाव मिळून मासोळ्या काढते. पहिलं जाळं मोठेबाबा टाकणार. तोवर कोणी पाण्यात पाय घालत नाई.

नागपूरच्या डॉक्टरनं रिपोर्ट त्यायले नाई सांगितला. मले सांगितला आणि त्यायच्या पोराले, दीपकदादाले.

"होळी पाहतील का, सांगता येत नाई."

दादा पार्किंगमध्ये रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "बाबानं काहीच नाई पाह्यलं वो. समुद्र दाखवू. वाळवंट दाखवू."

मोठेबाबाले सांगितलं, पोटात सूज आहे, गोळ्यानं जाईल. आणि दादाच्या कंपनीनं बक्षीस म्हणून टूर दिली.

"कंपनी तुह्यावर खुश, तं मले काऊन फिरवून राह्यली?"

तिथूनच त्यायचा तपास सुरू झाला.

मुंबईले क्रूझमध्ये चढलो. मोठेबाबानं त्या नऊ मजल्यांकडे खालून वरपर्यंत पाह्यलं.

"याले वल्हं कुठी हाय?"

वर डेकवर स्विमिंग पूल. त्याच्या काठावर उभे राहून बराच वेळ विचार केला.

"पाण्यात बोट. बोटीत अजून पाणी. हे कोनाले फसवून राह्यले?"

मी हसली. रील केलं.

मग बुफे. आणि तिथं माझ्याकडून ती चूक झाली.

मी लाडानं विचारलं, "मोठेबाबा, काय खाल? म्हणाल ते आणते."

त्यायनं प्लेट खाली ठेवली.

मले पाच मिनिटांनी समजलं. आमच्या गावात धडधाकट माणसाले कोणी असं विचारत नाई. जे शिजलं ते ताटात येते. "काय खाऊ वाटते?" हे फक्त खाटेवरच्या माणसाले विचारतात. जो उठणार नाई, त्याले.

त्या दिवशी त्यायनं नुसता भात खाल्ला.

त्यानंतर प्रत्येक गोष्टीवर संशय. दादा पाय चेपून द्यायला बसला, संशय. मी गोळ्या मोजून दिल्या, संशय. तिसऱ्या दिवशी जहाजातून उतरलो, विमानानं जोधपूरले गेलो, तिथून गाडी केली. खिडकीची सीट त्यायले दिली, तरी संशय.

जैसलमेरच्या रस्त्यावर म्हणाले, "दीपक, एक बिडी देतं का बे?"

बिडीवरून या बापलेकाचं कित्येक वर्षं भांडण. दादानं एकदा चुलीत बंडल फेकलं होतं.

दादानं गाडी थांबवली. उतरला. बंडल घेऊन आला. वरून माचिस.

मोठेबाबानं ते हातात धरलं, दादाकडे पाह्यलं, आणि न पेटवता खिशात ठेवलं.

पुरावा जमा.

रोज घरी मोठीआईले, म्हणजे त्यायच्या बायकोले, फोन. स्पीकरवर, पूर्ण गाडीले ऐकू जाईल असा.

"पाणी कितीक उतरलं?"

"लय उतरलं. रविवारी मासोळ्या काढतो म्हणते गाव. तुमची वाट पाहून राह्यले सारे."

रविवारले चार दिवस होते. आमचं परतीचं तिकीट मंगळवारचं.

वाळूच्या टेकडीवर आम्ही दोघंच बसलो होतो. दादा खाली उंटवाल्याशी भाव करून राह्यला होता. मोठेबाबानं मूठभर वाळू घेतली, बोटांतून सोडली.

"गाळच हाय हा. पाणी मेलेला."

मग म्हणाले, "का वो पोरी, खरं सांग. मी मरून राह्यलो का?"

"नाई जी मोठेबाबा! काहीही काय!"

"मंग खाली काऊन पाहतं?"

मी वर पाह्यलं. ते माझ्याकडेच पाहून राह्यले होते, जाळं टाकायच्या आधी पाण्याकडे पाहत तसं.

"ठीक हाय," म्हणाले. "मरून राह्यलो असतो, तं आत्ताच्या आत्ता घरी ने म्हटलं असतं. पहिलं जाळं टाकलं असतं. पण तू म्हणतं नाई. तं मंग पुढच्या वर्षी टाकतो. टाकू ना?"

मले एकच खरा शब्द बोलायचा होता.

मी म्हटलं, "हो. पुढच्या वर्षी."

ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, वाळूचा. "चाल मंग. उंट पाहू."

रविवारी गावानं त्यायच्याविना मासोळ्या काढल्या. त्या वेळी ते पुन्हा उंटावर होते. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी लाइक केला होता. "किती नशीबवान मोठेबाबा" अशा कमेंट होत्या.

घरी आलो तं तलावात गाळ आणि बगळे. मोठेबाबा तलावाच्या पारीवर, बांधावर जाऊन बसले. होळी नाई पाह्यली त्यायनं.

खिशात ते बंडल तसंच होतं. एकही बिडी कमी नाई.

मले आता माझाच संशय येते. ती टूर त्यायच्यासाठी होती, का आमच्यासाठी? त्यायले समुद्र पाहायचा होता, असं ते कधी म्हणाले होते? मी आठवून आठवून थकली. नाई म्हणाले.

यंदा पाणी उशिरा उतरलं. आज सकाळी गावानं मासोळ्या काढल्या. पहिलं जाळं दादानं टाकलं. वाकडं पडलं. कोणी हसलं नाई.

दुपारी मोठीआईनं फोटोसमोर ताट ठेवलं. भात आणि मरळीचा रस्सा. जे शिजलं ते.

मोठेबाबा, वाळूवरच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राह्यलं होतं.

हो जी.

चला, घरी जाऊ.