मेंढ्यांचं इंग्रजी

वडवणीच्या फाट्यावर मी सकाळी बसची वाट बघत असते, तेव्हा एक म्हातारा मेंढ्या घेऊन रस्ता ओलांडतो. काठी आडवी धरून जीपगाड्या थांबवतो आणि कळपाला खडसावतो, "अक्रॉस! अक्रॉस!" एखादी मेंढी कुणाच्या ज्वारीत घुसली की "आऊट!" ऊन लागायला लागलं की लिंबाकडं काठी दाखवून "अंडर!"

न राहवून एकदा मी विचारलं, "बाबा, मेंढ्यांना इंग्रजी कावून?"

"मराठीत हाकललं की मागनं शिवी येतीच, बाई. नात साळंला माझ्यासंगंच निघती. लई शिव्या उचलाय लागली. मग तिनंच हे साळंतले शब्द दिले. इंग्रजीत मला शिवी येत न्हाई."

परवा एक मेंढी ज्वारीत घुसली आणि म्हाताऱ्यानं अस्सल मराठीत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फाट्यावरचे सगळे हसले, मीही हसले.

"काय बाबा, आऊट विसरलात?"

म्हाताऱ्यानं काठी खांद्यावर टाकली.

"नात बीडला गेली, हॉस्टेलात," तो म्हणाला. "आता कितीबी शिव्या द्या, बाई. ऐकाय कोण हाय?"