देवळीतली रिकामी जागा

मी गाव सोडलं तेव्हा आबा वाघर दुरुस्त करत बसले होते. वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभं करायचं जाळं. मी भाकरीचं गाठोडं घेऊन दारात उभा राहिलो, तरी त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "जायाचं तर जा. पर रागानं जाऊ नगंस."

मी रागानंच गेलो. अजून रागातच आहे.

सोलापूर आमच्या गावापासून दोन कोस. गिरणीचा भोंगा आमच्याकडं ऐकू यायचा आणि त्यावर आई चूल पेटवायची. लोकांना वाटतं, शहराजवळचं गाव म्हणजे चैन. कसली डोंबलाची चैन? दूध शहरात, कडबा शहरात, तरणी पोरं शहरात. घरच्या शेळीचं दूध घरच्या लेकराला उरायचं नाही. आणि शहराकडून गावात काय आलं, ते सांगायलाच हे लिहितो आहे. मागं राहिलेल्यांनी वाचावं, माझ्यासारख्या निघून आलेल्यांनीही.

आम्ही मेंढरंवाले. सुगी सरली की गावचे पाटील आमच्या दारात यायचे, आबांच्या हातात नारळ द्यायचे आणि म्हणायचे, "मेंढरं बसवा आमच्या रानात." मग महिनाभर आमचा कळप त्यांच्या काळ्या रानात मुक्कामाला असायचा. लेंड्यांनी रान पोसायचं आणि बदल्यात आम्हाला ज्वारी मिळायची. आज्यापासूनची रीत. तो नारळ आबा लगेच फोडत नसत. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा दाराजवळच्या भिंतीतल्या देवळीत ठेवत.

ही रीत मीच मोडली. मी रोज दूध घेऊन सोलापूरला जायचो. वेशीबाहेर सोनखताचे ढीग, शहराचा मैला कुजवून केलेले. आपल्यासारखा सौदा कुणाला जमत नाही, अशी तेव्हा माझी समजूत. एका गाडीवानाला एक घोंगडी दिली आणि चार गाड्या सोनखत पाटलांच्या रानात ओतून घेतलं. पाटलांनी शाबास म्हणावं म्हणून! म्हणालेही. "बिरू, लेका, शहर लुटून आणलंस की!" सगळी चावडी हसली. मीही हसलो.

त्या सुगीला नारळ आला नाही. आबांनी आठ दिवस वाट पाहिली. मग पाटलांचा गडी येऊन सांगून गेला, "औंदा मेंढरं नगंत. सोनखत हाय." निरोप, आणि तोही गड्याकडून! मी चावडीवर जाऊन पाटलांना नाही नाही ते बोललो. आबांनी दंडाला धरून मला घरी आणलं आणि जाताना पाटलांना हात जोडले. ते जोडलेले हात मला सहन झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाव सोडलं.

शहरात लोकरीच्या वखारीत पोत्यांवर झोपलो, घोंगड्या खांद्यावर टाकून गल्लोगल्ली ओरडलो. आज स्वतःचं दुकान आहे. शेजारी तेलुगू विणकर. त्याच्या मागाची खटखट थांबली तर मला चुकल्यासारखं होतं, आणि माझी पोरगी त्याच्या पोरींशी भांडते तीसुद्धा तेलुगूत. गावात मला शहरातला म्हणतात, शहरात गिऱ्हाईक खेडवळ म्हणतं. मी दोघांनाही भावात सूट देत नाही.

तिकडं आबा कळप घेऊन लांबलांबच्या गावांना जात राहिले. पुढं एका वर्षी पाऊस ओढला आणि सोनखताच्या उष्णतेनं पाटलांची उभी ज्वारी करपली. तेव्हा पाटील माझ्या दुकानाची पायरी चढले.

"बिरूशेट, तुज्या आबाला सांग की. मेंढरं बसवा म्हनावं."

"नारळ घेऊन दारात जावा. गावादेखत."

"गावादेखत कशापायी? आपन घरचीच मानसं न्हवं?"

"घरची व्हती म्हनून गड्याकडनं सांगावा धाडला व्हय?"

ज्वारी दुप्पट देतो म्हणाले. मी हललो नाही. तीनदा आले, तीनदा परत पाठवले. आयुष्यात एवढा घट्ट सौदा मी धरला नव्हता. मग यायचे थांबले. मला वाटलं, जिंकलो, नारळ पोचला. टांगा करून मी गावी गेलो, तो नारळ बघायला.

देवळी रिकामी. आई म्हणाली, "मेंढरं पाटलाच्याच रानात हायती. तुजं आबा आपनहून गेलं."

मी धावतच रानात गेलो. आबा खुंट्या ठोकत होते. "न बोलावता, आबा? मी तितं पाटलाला वाकवत बसलोय, आन् तुमी हितं?"

त्यांनी मला पुरतं ओरडू दिलं. मग म्हणाले, "रान उपाशी हाय, बिरू. रानानं काय केलंय?" आणि जाळ्याचं दुसरं टोक माझ्यापुढं केलं. "धर. सैल सोडू नगंस."

मी धरलं. पलीकडं बांधावर पाटील उभे होते, रिकाम्या हातांनी.

आता दर सुगीनंतर मी दुकान बंद ठेवून जातो, कारण आबांचे हात थकलेत आणि ते टोक कुणीतरी धरायला हवं. घर म्हणून माझ्याकडं आज तेवढंच उरलं आहे. ज्वारी वेळेवर येते. पाटील बांधावर येतात, मी बोलत नाही. आई देवळीत कधी दिवा ठेवते, कधी मिठाचं मडकं. गेलो की मी ते उचलून खाली ठेवतो. ती जागा नारळाची आहे.