जुना नंबर, नवा नंबर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी सौसरला एका वीज कार्यालयात कारकून होतो. वरच्या ऑफिसात नुकताच कॉम्प्युटर आला होता. आमच्या रजिस्टरातली ग्राहकांची माहिती छापील फॉर्मांवर उतरवून तिकडे पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याचा अभिमान होता.

त्या फाल्गुनात लोधीखेड्याकडच्या एक बाई आल्या. नवरा दिवाळीत वारला होता. दोघांनी लावलेली संत्र्याची बाग चार वर्षांची झाली होती, पहिला बहार अजून धरायचा होता.

"मोटरीचं कनेक्शन माह्या नावानं करून द्या, भाऊ."

मी दोन फॉर्म भरले. एक नवऱ्याच्या नावावरचा जुना ग्राहक नंबर बंद करण्याचा, दुसरा बाईंच्या नावानं नवा उघडण्याचा. "आता काळजी नका करू," असंही म्हणालो.

मे महिन्यात कॉम्प्युटरची यादी आली. बंद नंबरांच्या तारा तोडायच्या होत्या. मी न वाचता सही केली.

तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. "विहिरीत पाणी हाय, पण मोटर बंद. कळशीनं किती झाडाईले घालू? सुकून राहिली ना ती."

यादीत त्यांच्या नवऱ्याचा नंबर होता. साहेब म्हणाले, "नवा नंबर आल्याशिवाय तार जोडता येत नाही."

मी वरच्या ऑफिसात गेलो. नंबर बंद करणारी शाखा एका खोलीत, नवे उघडणारी शेजारच्या. कॉम्प्युटर दोघींचा एकच, पण एकीचे कागद दुसरी बघत नसे. माझा दुसरा फॉर्म गठ्ठ्यात तसाच पडून होता. दोन दिवस तिथे ठाण मांडून बसलो तेव्हा नंबर मिळाला. प्रत्यक्ष तार जोडायला आणखी दोन आठवडे गेले.

लाइनमनबरोबर मीही बागेत गेलो. मोटर सुरू झाली, झाडांभोवतीची आळी पाण्यानं भरली. बाईंनी एका फांदीची साल नखानं खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं.

"तुम्ही तं फॉर्म भरला होता ना, भाऊ?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"भरला होता," मी म्हणालो. सहीचं सांगितलं नाही.

पावसाळ्याआधी त्यांनी झाडं उपटून कापसाची पऱ्हाटी लावली.

पुढे बरीच वर्षं मी निरनिराळ्या शाखांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याच्याच कामात होतो. एकदा पांढुर्ण्याच्या बाजारात त्या बाई कापसाच्या गाडीपाशी दिसल्या. त्यांनीच ओळखलं. "बरं हाय ना, भाऊ?"

मी मान हलवली. तेव्हाही सांगितलं नाही.